७ बाय १४ मिनी लेथ: छोट्या इंजिनाच्या कसोटीवर

माझी नोकरीची वर्षं टूलरूममध्ये गेली. तिथली लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणारी मशिनं, दीड-दोन टनांची. तीन मिलिमीटरचा कट लावला तरी जागची हलायची नाहीत. हे ७ बाय १४ मिनी लेथ जेमतेम चाळीस किलोचं आहे. दोन माणसं ते उचलून टेबलावर ठेवू शकतात. त्याच्याबद्दल बरं-वाईट जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या वजनातून निघतं, म्हणून आधी वजन सांगितलं.

मी ते घेतलं एका ठरलेल्या कामासाठी. २० मिलिमीटर बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), २० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), स्लाइड व्हॉल्व्हचं (सरकत्या झडपेचं) उभं स्टीम इंजिन बनवायचं. कास्टिंगचा तयार संच न घेता बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या), स्टीलच्या आणि पितळेच्या गजांतून एकेक भाग काढायचा. मॉडेल इंजिनात हे माप नेहमीचं आहे. स्टुअर्ट कंपनीचं १०व्ही हे अनेक पिढ्यांनी बनवलेलं इंजिनही पाऊण इंच बोअर आणि पाऊण इंच स्ट्रोकचंच. लेथची परीक्षा घ्यायला असं इंजिन फार चांगलं, कारण त्यात गुळगुळीत बोअर लागतो, बोअरला काटकोनात असलेली तोंडं लागतात, एक्सेंट्रिक (केंद्र बाजूला सरकलेली, झडप हलवणारी चकती) लागतो, फ्लायव्हीलसारखा मोठ्या व्यासाचा भाग लागतो आणि बारीक आटेही लागतात. नुसता गज वळून चकचकीत दिसला म्हणून लेथ चांगलं ठरत नाही.

नावातले आकडे समजून घेतले पाहिजेत. ७ इंच हा बेडच्या (मशीनच्या लांब पायाच्या) वर फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास, म्हणजे स्विंग, आणि १४ इंच हे दोन सेंटरांमधलं अंतर. प्रत्यक्ष काम करताना आड येतो तो तिसराच आकडा: क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर नेणाऱ्या सरकत्या भागाच्या) वर फक्त ११० मिलिमीटरच्या आसपास जागा आहे. स्पिंडलमधून (तुकडा फिरवणाऱ्या पोकळ दांड्यातून) २० मिलिमीटरच्या आतला गज आरपार जातो. स्पिंडलला मोर्स टेपर (हत्यार बसवायच्या निमुळत्या भोकाचं ठराविक माप) क्रमांक ३ आणि टेलस्टॉकला (समोरच्या टोकाच्या आधाराला) क्रमांक २. हे मशीन निरनिराळ्या नावांनी आणि रंगांनी विकलं जातं, पण बेड आणि हेडस्टॉकचा (स्पिंडल धरणाऱ्या भागाचा) आराखडा बहुतेकांचा सारखाच असतो. फरक पडतो मोटर, गिअर आणि फिनिशिंगमध्ये. १९४६ साली आलेलं मायफर्ड कंपनीचं एमएल७ घरच्या वर्कशॉपचं मानाचं मशीन. त्याची सेंटरची उंची साडेतीन इंच, म्हणजे स्विंग ७ इंचच. दोघांचा आकडा एकच असला तरी बेडचा जाडजूडपणा आणि स्लाइडची रुंदी पाहिली की दोन्ही मशिनं वेगळ्या कुळातली आहेत हे लगेच कळतं. नुसता स्विंग पाहून मशीन निवडू नये.

खोक्यातून निघालेलं लेथ लाल चिकट ग्रीसने माखलेलं असतं. ते ग्रीस गंजापासून बचावासाठी असतं. वंगण म्हणून त्याचा उपयोग नाही. रॉकेलने सगळं धुऊन काढा आणि त्याच वेळी स्लाइड सुट्या करा. माझ्या मशीनमध्ये लीडस्क्रूच्या (टूल बेडवरून ओढणाऱ्या लांब आट्याच्या दांड्याच्या) अर्ध्या नटांत आणि सॅडलच्या (बेडवरून सरकणाऱ्या, टूल वाहणाऱ्या भागाच्या) खाली मशीनिंगचा कीस अडकलेला होता. तसंच चालवलं असतं तर तो कीस नव्या बेडमध्ये रुतला असता.

स्लाइडमधली ढिलाई काढणाऱ्या गिब पट्ट्या कारखान्यातून येतात तशा कामाच्या नव्हत्या. कडा खडबडीत, आणि स्क्रू जिथे टेकतात तिथे खळगेही नीट नाहीत. जाड सपाट काचेवर बारीक एमरी पेपर पसरून मी त्या घासून सपाट केल्या, स्क्रूच्या टोकांसाठी छोटे खळगे केले, मग एकेक स्क्रू आवळत गेलो. कसोटी सोपी आहे. हँडल हलक्या हाताने फिरलं पाहिजे, आणि स्लाइड हाताने डावी-उजवीकडे दाबली तर डायल इंडिकेटरचा (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या मापकाचा) काटा जागेवर राहिला पाहिजे. सॅडलला बेडवरून उचलू न देणाऱ्या खालच्या दोन पट्ट्यांचं काम याहून किचकट. त्या ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या स्क्रूंवर बसवलेल्या असतात, एक नीट केला की दुसरा बिघडतो. मी ते सगळं सोडून पट्टीखाली पातळ पितळी शिम (पत्र्याचे तुकडे) घातले आणि पट्ट्या पक्क्या आवळल्या. त्यानंतर पुन्हा हात लावावा लागलेला नाही.

टेबलाला मशीन आवळताना फार जपावं लागतं. बेड बारीक असल्यामुळे एका पायाखाली कागदाच्या जाडीची फट राहिली तरी बोल्ट आवळताच बेडला पीळ बसतो. तो डोळ्याला दिसत नाही, जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, दिसतो. मी दोन कॉलरची चाचणी घेतली: २५ मिलिमीटरचा गज चकमधून (जॉब धरणाऱ्या पकडीतून) १०० मिलिमीटर बाहेर ठेवला, टेलस्टॉकचा आधार दिला नाही, मधला भाग कमी करून दोन्ही टोकांना एकेक कॉलर (उंच कडं) ठेवली. मग धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगचा अगदी बारीक कट घेतला. मायक्रोमीटरवर बाहेरची कॉलर ०.०३ मिलिमीटरने मोठी आली. टेलस्टॉकच्या बाजूच्या एका पायाखाली शिम घालत तो फरक ०.०१च्या आत आणला. इंजिनाचा एकही भाग हातात घेण्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर पुढे प्रत्येक बोअर निमुळता होईल आणि दोष टूलवर जाईल.

आता स्पिंडलबद्दल. कारखान्याकडून यात ६२०६ क्रमांकाची साधी बॉल बेअरिंगं येतात. पुष्कळ लोक ती काढून ३०२०६ टेपर रोलर बसवतात. आतला ३० आणि बाहेरचा ६२ मिलिमीटर व्यास तोच राहतो, पण जाडी १६ऐवजी १७.२५ असल्यामुळे स्पेसर कमी करावे लागतात. मी बदलण्याआधी मोजून पाहिलं. स्पिंडलच्या आतल्या टेपरवर इंडिकेटर लावला तर काटा ०.०१च्या आत फिरला. मग तीन जॉ (जबड्यांच्या) चकमध्ये ग्राउंड (ग्राइंड केलेला, अचूक गोल) गज धरला, तर काटा ०.०८ हलला. चकच्या अशा फरकामुळे नाराज होणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, पण या दोन आकड्यांतला फरक नीट समजला की हे मशीन कसं वापरायचं तेही समजतं. लेथवर कापलेला पृष्ठभाग स्पिंडलच्या अक्षाभोवती गोल होतो. गज चकमध्ये थोडा वाकडा धरलेला असला तरी कापलेला भाग अक्षाला धरूनच निघतो. चूक शिरते ती जॉब काढून पुन्हा धरताना. म्हणून एका भागावरचे जे पृष्ठभाग एकमेकांशी जुळले पाहिजेत ते सगळे एकाच सेटिंगमध्ये कापायचे. एवढा नियम पाळला तर हे हलकं मशीन टूलरूमच्या तोडीचं काम देतं. नियम मोडला की लगेच ०.०८चा दंड भरावा लागतो.

सिलिंडरवर हे सगळं पणाला लागतं. ४० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा गज चार जॉ चकमध्ये (यात प्रत्येक जबडा वेगळा सरकतो) धरला, पुढचं तोंड फेस केलं, म्हणजे सपाट कापलं, सेंटर ड्रिल मारलं. मग ६, १०, १४ आणि शेवटी १८ मिलिमीटरचं ड्रिल. १८चं ड्रिल मोर्स टेपर २च्या शँकचं मिळतं, ते थेट टेलस्टॉकमध्ये बसतं, आणि ते चांगलं. ड्रिल चकमध्ये इतकं मोठं ड्रिल सरकतं. या पायऱ्या गाळून थेट मोठं ड्रिल घातलं तर मोटर हाक मारते.

उरलेले दोन मिलिमीटर बोअरिंग बारचे, म्हणजे भोक आतून मोठं करणाऱ्या दांड्याचे. १२ मिलिमीटरचा बार, ४० मिलिमीटर बाहेर. स्टीलचा बार व्यासाच्या चौपटीपर्यंत बाहेर ठेवला तर साधारण शांत राहतो. इथे ते प्रमाण सव्वातीनच्या आसपास येतं. हायस्पीड स्टीलचं टूल, ३५० आरपीएम, म्हणजे २० मिलिमीटर व्यासावर मिनिटाला सुमारे २२ मीटरचा वेग. फीड (एका फेऱ्याला टूल किती पुढे सरकतं ते) मशीनचं स्वतःचं. मशीनवर येणारी २०-८०, २०-८० ही गिअरची जोडणी १.५ मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) लीडस्क्रूवर एका फेऱ्याला ०.०९४ मिलिमीटर फीड देते. बिडाच्या बोअरला हे फीड मला योग्य वाटलं. शेवटचे कट व्यासावर ०.१ मिलिमीटरचे घेतले आणि मग सेटिंग न बदलता तोच बार आणखी दोनदा आरपार नेला. बार थोडा लवतो, त्यामुळे पहिल्या खेपेला राहिलेलं धातू पुढच्या खेपांत निघतं. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने तोंडाशी, मधे आणि मागे मापलं. सर्वांत मोठा फरक ०.०१.

ते ०.०१ लॅपिंगने, म्हणजे अपघर्षक पेस्टने घासून, गेलं. ॲल्युमिनियमचा लॅप याच लेथवर वळला, मधून चिरला, टेपरच्या स्क्रूने थोडा फुगेल असा केला. लॅप जॉबपेक्षा मऊ हवा, म्हणजे अपघर्षक कण लॅपमध्ये रुततात आणि बीड कापतात. आधी ४००, मग ६००ची पेस्ट, लॅप अगदी कमी वेगाने फिरता आणि सिलिंडर हातात सैल धरून मागे-पुढे. सिलिंडर कधीही एका जागी थांबू द्यायचा नाही. शेवटी रॉकेलने धुऊन, पांढऱ्या फडक्यावर काळा डाग येईनासा होईपर्यंत पुसायचा. आत राहिलेला एक कणही पुढे पिस्टन खात राहतो.

दुसरं तोंड बोअरला काटकोनात हवं. इथे जॉब उलटा करून तीन जॉमध्ये धरण्याचा मोह टाळायचा. मी माइल्ड स्टीलचा आखूड मॅन्ड्रेल (सिलिंडर आतून धरणारा दांडा) चकमध्येच वळला, सिलिंडर हाताच्या दाबाने बसेल इतका, टोकाला एम६चा आटा आणि वॉशर. मॅन्ड्रेल वळल्यावर चकमधून काढायचा नाही. त्याच्यावर लगेच सिलिंडर चढवायचा आणि तोंड फेस करायचं. नंतर सिलिंडर सपाट सरफेस प्लेटवर ठेवून इंडिकेटर फिरवला, दोन्ही तोंडं समांतर निघाली.

खालचं कव्हरही याच विचाराने केलं. बोअरमध्ये बसणारी त्याची कड आणि पिस्टन रॉडचं ५ मिलिमीटरचं भोक एकाच सेटिंगमध्ये, भोकाला शेवटी रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार). त्यामुळे रॉड बोअरच्या मधोमध आपोआप आला, क्रॉसहेड (रॉडला सरळ चालवणारा सरकता भाग) जुळवताना त्रास झाला नाही. पिस्टन आधी रॉडवर आट्याने घट्ट बसवला, मग रॉड कोलेटमध्ये (चहूबाजूंनी सारखं पकडणाऱ्या चिरलेल्या नळीत) धरून पिस्टनचा बाहेरचा व्यास वळला, बोअरपेक्षा ०.०२५ने कमी. पिस्टन आधी वेगळा वळून मग रॉडवर बसवला तर आट्यातला सैलपणा सगळा पिस्टनच्या कडेवर येतो.

चार जॉ चकशिवाय हे इंजिन होणार नाही, आणि बऱ्याच विक्रेत्यांकडे तो मशीनसोबत मिळत नाही. एक्सेंट्रिकचं उदाहरण घ्या. माझ्या व्हॉल्व्हचा प्रवास ४ मिलिमीटर आहे, म्हणजे एक्सेंट्रिकचं केंद्र २ मिलिमीटरने सरकवायचं. चार जॉमध्ये गज असा सरकवायचा की हाताने एक फेरा फिरवला तर इंडिकेटरचा काटा कमाल आणि किमान यांत ४ मिलिमीटर दाखवेल. एक जॉ सैल, त्याच्या समोरचा घट्ट, पुन्हा फेरा. सवय झाली की हे वेगाने होतं.

याच चकपायी मशीनची सर्वांत त्रासदायक रचना समोर येते. चक स्पिंडलच्या फ्लँजला तीन स्टड आणि तीन नटांनी मागून बसवलेला असतो. तिथे पान्ह्याला अर्धाही फेरा मिळत नाही, बोटं पोचत नाहीत, नट खाली पडून गिअरकडे जातो. एमएल७चा चक आट्यावर फिरवून निघतो आणि बसतो, अर्थात उलट दिशेने जोराचा कट घेतला तर सैल होण्याचा धोका त्यात आहे. मिनी लेथमध्ये तो धोका नाही, पण तीन जॉ काढून चार जॉ लावणं हे दर वेळी एक छोटं कामच होऊन बसतं. मी नटांऐवजी लांब हेक्स नट वळून घेतले, पकड सुधारली. नव्या रचनेत काही ठिकाणी हे बदललेलं दिसतं. घेताना आवर्जून पाहा.

फ्लायव्हीलवर वजनाचा प्रश्न पुढे येतो. ७५ मिलिमीटरचं बिडाचं फ्लायव्हील हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला २० मीटरने कापायचं म्हटलं तर ८५ आरपीएम लागतात. इतक्या कमी वेगाला ही मोटर वरच्या गिअरमध्ये दमते. लीव्हर लो वर टाकला की चित्र बदलतं, टॉर्क मिळतो आणि मशीन निमूट कापतं. बेल्टवर चालणाऱ्या, ब्रशलेस मोटरच्या नव्या मशीनचा आवाज फार कमी असतो, पण त्यांतल्या काहींत लो गिअर नसतो. मोठ्या व्यासाचं बीड कापायचं असेल तर कमी वेगाला कट घेऊन दाखवायला सांगा, मगच ठरवा. बिडाची वरची साल कडक असते, त्यामुळे पहिला कट सालीच्या खालून घ्यायचा. वरवर खरवडत राहिलं तर टूलची धार जाते. रिम घेताना मशीन थरथरू लागलं तर वेग कमी करा आणि फीड थोडं वाढवा. फीड कमी करण्याकडे हात जातो, पण त्याने टूल कापायच्या ऐवजी घासू लागतं आणि थरथर वाढते.

टूलबद्दल एक सांगून ठेवतो. जड मशीनसाठी बनवलेले, धारेवर थोडी गोलाई असलेले कार्बाइड इन्सर्ट (टूलची बदलता येणारी टोकं) या लेथवर निराश करतात. त्यांना रेटायला लागणारी ताकद या मशीनमध्ये नाही. ॲल्युमिनियमसाठी असलेले, पॉलिश केलेले सीसीजीटी इन्सर्ट धारदार असतात, ते स्टीलवर आणि बिडावरही हलक्या कटला सुंदर फिनिश देतात. टिकतात कमी. हायस्पीड स्टीलचं टूल स्वतः ग्राइंडरवर धार लावून वापरणं मला अजून सर्वांत पसंत आहे.

मशीनचा खरा कच्चा दुवा कंपाउंड स्लाइड, म्हणजे क्रॉस स्लाइडवरची कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड, आहे. टूलच्या टोकाशी हाताने जोर दिला तर इंडिकेटरवर ०.०५ सहज दिसतं, गिब नीट लावल्यावरही. मी ती काढून तिच्या जागी बिडाचा भरीव ठोकळा बसवला, टूलपोस्ट थेट त्यावर. त्या दिवसापासून पार्टिंगची (गज कापून वेगळा करण्याची) भीती गेली. आधी २ मिलिमीटरचं पार्टिंग टूल २० मिलिमीटरच्या स्टीलमध्ये शिरताना मशीन अंग टाकायचं. आता तेल सोडत, सॅडल लॉक करून, सरळ आत जातं. या लेथवर केलेल्या सगळ्या सुधारणांत मी या ठोकळ्याला पहिला नंबर देतो, आणि तो याच लेथवर बनतो.

कंपाउंड स्लाइड मी टाकून मात्र दिलेली नाही. टेपर कापायला लागते, आणि बारीक मापासाठी तिचा एक अप्रतिम उपयोग आहे. क्रॉस स्लाइडच्या डायलवरची एक रेघ ०.०२५ मिलिमीटरची, आणि ती त्रिज्येवर लागते, म्हणजे व्यास ०.०५ने कमी होतो. पिस्टनसाठी हे फार ढोबळ आहे. कंपाउंड स्लाइड लेथच्या अक्षापासून ५.७४ अंशांवर लावली तर ती ०.१ मिलिमीटर पुढे सरकवल्यावर टूल आत फक्त ०.०१ सरकतं, कारण त्या कोनाचा साइन ०.१ आहे. व्यासावर ०.०२. डायलची एक रेघ याच्याही चौथ्या हिश्शाची. पिस्टनचे शेवटचे कट मी असेच घेतले.

आट्यांचं थोडक्यात. १.५ मिलिमीटरच्या लीडस्क्रूवर १ मिलिमीटर पिचसाठी ४० आणि ६० दातांचे गिअर पुरतात, आणि सोबत येणाऱ्या गिअरच्या संचातून नेहमीचे मेट्रिक पिच जुळतात. अडचण अशी की सर्वांत कमी वेग सुमारे ५० आरपीएम आहे आणि खांद्यापर्यंत आटा न्यायचा असेल तर शेवटच्या क्षणी थांबणं कठीण. स्पिंडलच्या मागच्या भोकात फुगणाऱ्या प्लगने बसणारा हातदांडा बनवला आणि आटे हाताने फिरवून पाडले. दांडा लावताना मशीनचा प्लग भिंतीतून काढलेलाच असला पाहिजे; चालू मशीनमध्ये राहिलेला दांडा हात मोडू शकतो. एम५ आणि त्याखालचे आटे मी टेलस्टॉकमधल्या डाय होल्डरनेच पाडले, तेच बरं.

स्टीमच्या पोर्टसाठी (वाफेच्या वाटांसाठी) मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने कापणं, लागतं. क्रॉस स्लाइडवर उभी स्लाइड आणि स्पिंडलमध्ये एंड मिल (हाच तो कटर), असं करून २.५ मिलिमीटर रुंदीचे पोर्ट निघाले, ०.२च्या कटने, पुष्कळ वेळ घेऊन. एंड मिल तीन जॉ चकमध्ये धरू नका, ती हळूहळू बाहेर ओढली जाते. मोर्स टेपर ३चा कोलेट मागून ड्रॉबारने (लांब बोल्टने) आवळून वापरा. एवढं होतं, पण हे लेथ मिलिंग मशीनची जागा घेत नाही.

टिकाऊपणाचं बोलायचं तर हेडस्टॉकमधले प्लास्टिकचे गिअर लोकांना खटकतात. मला ते योग्य वाटतात. टूल अडकलं तर दात मोडतो आणि मोटर, स्पिंडल वाचतात. एक जोडी शिल्लक ठेवावी. वेगनियंत्रणाचा बोर्ड ही खरी काळजी. माझ्या मशीनचा एक बोर्ड गेला. विक्रेत्याने बदलून दिला, पण बरीच पत्रापत्री झाल्यावर. बिडाचा काळा चुरा वीज वाहतो आणि मोटरच्या झरोक्यांतून आत जाऊ शकतो, म्हणून बीड कापताना मी झरोक्यांवर बारीक जाळी लावतो आणि काम संपताच व्हॅक्यूमने सगळं ओढून घेतो. हवेच्या पाइपने उडवलं तर तो चुरा स्लाइडच्या आत जातो. बेडवर कागद पसरायचा असेल तर फिरत्या चकपासून लांबच.

आकार लहान म्हणून हे मशीन कमी धोक्याचं होत नाही. चकची चावी चकमध्ये क्षणभरही सोडू नये, हातमोजे घालू नयेत, बाह्या वर, डोळ्यांवर चष्मा. स्टीलची लांब निघणारी गुंडाळी हाताने ओढू नये, आकड्याने काढावी.

कोणाला घ्यावं? २५ मिलिमीटरच्या आतला बोअर, शंभरच्या आतलं फ्लायव्हील, असं इंजिन करायचं असेल आणि सुरुवातीचा काही काळ लेथलाच दुरुस्त करण्यात घालवायची तयारी असेल तर हे मशीन मी मनापासून सुचवतो. खोक्यातून काढून त्याच संध्याकाळी पिस्टन वळायचा असेल तर नको. जुनं पण झिजून खराब न झालेलं जड लेथ शोधा, जागा असेल तर. १२० मिलिमीटरचं फ्लायव्हील मनात असेल तरीही नको, क्रॉस स्लाइडवरून ते फिरणारच नाही.

घेतलंत तर विकत घ्यायचा क्रम असा ठेवा: आधी चार जॉ चक आणि चुंबकी पायाचा डायल इंडिकेटर, मग चांगला मायक्रोमीटर, मग कोलेट. डिजिटल रीडआउट, टेपर रोलर बेअरिंगं, झटपट बदलणारा टूलपोस्ट हे सगळं नंतर. बेअरिंगं मी अजून बदललेली नाहीत. मागवताना सुट्या भागांची यादी विक्रेत्याकडून लिहून घ्या, त्यात वेगनियंत्रणाचा बोर्ड आणि हेडस्टॉकचे गिअर आहेत की नाहीत ते पाहा. नसतील तर तेच मशीन दुसऱ्या नावाने विकणारा गाठा.